संध्याताई आणि तिचा कंपाउंडर

समोरच्यानं मोठ्या अभिमानानं आपली टीम दाखवली, की संध्याताई कौतुक करत नसे. ती डब्यातली पोळी मोडत शांतपणे विचारायची, "हे सहाही जण एकाच गोष्टीनं मरतात का?"

मला तिनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, २००४ साली. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण राग मात्र लगेच आला. मला राग लवकर येतो, हे माझ्या ओळखीच्यांना सांगायला नको.

तेव्हा आम्ही दहा-बारा जण एका मोटारकंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायला मिशिगनमध्ये आलो होतो. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, आणि इचलकरंजीचा मी एकटा. थंडी पडली की क्रिकेट बंद, बाहेर फिरणं बंद. मग कुणीतरी हातात मावणारा गेम आणला आणि बघता बघता सगळ्यांकडे तो आला. खेळ असा, की चित्रविचित्र राक्षस पकडायचे, वाढवायचे, त्यांतले सहा निवडायचे आणि दोन यंत्रं केबलनं जोडून दुसऱ्याच्या सहांशी झुंज लावायची. प्रत्येकाचा एकच राक्षस मैदानात. तो नको वाटला तर परत बोलवायचा आणि दुसरा आत पाठवायचा. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी बर्फाचा. पाणी आगीला विझवतं, बर्फ ड्रॅगनला गारठवतं, असे त्यांचे आपसातले हिशेब. तिशीच्या आसपासची लग्नाळू माणसं लंच-अवरमध्ये हे खेळत बसलेली पाहून ऑफिसातले अमेरिकन लोक हसायचे. त्यांच्या मुलांकडेही तोच खेळ होता.

राक्षसांची अदलाबदलही करता यायची, आणि तिथं मी राजा होतो. माझं लहानपण सुताच्या बाजारात गेलं. समोरच्याला काय हवंय हे त्याच्या आधी मला कळतं. दोन फालतू देऊन एक तगडा घ्यायचा, तो दुसऱ्याला दाखवून आणखी तगडा मिळवायचा. असं करत चार महिन्यांत माझ्याकडे सहा असे जमले, की नुसते स्क्रीनवर आले तरी लोक "अरे बाप रे" म्हणत. तेच सहा मी संध्याताईला दाखवले, आणि तिनं तो मरणाचा प्रश्न विचारला.

"अगं ताई, हे मरतील कशाला? मारतील!" मी म्हणालो.

"हो न," ती म्हणाली. "लाव केबल."

संध्याताई नागपूरची. आमच्या सगळ्यांहून आठ-दहा वर्षांनी मोठी, आमच्या गटाची टेस्ट लीड. केस घट्ट बांधलेले, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, बोलणं हळू. नवरा नागपूरला कॉलेजात शिकवायचा, ही इथं एकटी. तिच्या गेमचं यंत्र लाल होतं आणि त्याच्या मागच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली होती.

तिची टीम पाहून मला हसू आलं. एकही मोठ्ठा नव्हता. आणि नावं काय, तर चौकीदार, हमाल, पोस्टमन, वायरमन, बाई आणि कंपाउंडर. राक्षसांना लोक तलवारीसारखी नावं देत, हिनं सगळे कामावर ठेवले होते. चौकीदार आधी आत जाऊन समोरचा अंदाज घ्यायचा. हमाल मार खायचा. पोस्टमन सगळ्यांत चपळ, एक घाव घालून परत. 'बाई' म्हणजे तिच्या नागपूरच्या घरी काम करणाऱ्या बाई, त्या समोरच्यानं पसरवलेला सगळा पसारा साफ करायच्या. आणि कंपाउंडर हा चिखलाच्या गोळ्यासारखा एक जाडा, सुस्त बेडूक. तो स्वतःची जखम स्वतः भरायचा आणि समोरच्याला हळूहळू चढणारं विष द्यायचा. बाकी काही नाही.

माझे सहाच्या सहा गेले. तिचे चार शिल्लक. शेवटच्या दोघांना त्या बेडकानंच संपवलं, तेही असं, की मी घाव घालतोय, तो जखम भरतोय, मी घाव घालतोय, तो जखम भरतोय, आणि माझा विष चढून आपोआप आडवा.

"आता समजलं?" ती डबा बंद करत म्हणाली. "तुझे सहाही पैलवान आहेत. पैलवानांना पाणी कोण आणून देईन रे बापा?"

त्या दिवसापासून मी तिचा विद्यार्थी झालो. ती पेपर नॅपकिनवर गोल काढून सहा नावं लिहायची. मग एकेका नावावर बोट ठेवून विचारायची, "याच्यावर बर्फ पडला, तर आत कोण येणार?" मी नाव सांगितलं की ती त्या नावापासून याच्याकडे बाण काढायची. "आणि त्याच्यावर वीज पडली तर?" पुन्हा बाण. शेवटी नॅपकिनवर असं जाळं व्हायचं, की प्रत्येकाच्या पाठीशी कुणीतरी उभं. ज्याच्याकडे एकही बाण येत नसे, त्याच्याभोवती ती चौकोन काढून म्हणायची, "हा पोरका आहे. कितीही देखणा असला तरी याला घेऊन फिरू नको." ताकद ती कधी विचारतच नसे. "ताकद तर पुस्तिकेत छापून राहते. ती पाहायला मी काऊन पाहिजे?"

कंपाउंडर तिनं मलाच देऊन टाकला. मी सवयीनं विचारलं, "बदल्यात काय घेशील?" म्हणाली, "दे न काहीही." मी माझ्याकडची सगळ्यांत टाकाऊ अळी तिला दिली आणि दिवसभर मनात खूश होतो, की चला, सौदा झाला. ती मात्र त्या अळीकडे बघून म्हणाली, "वा, छान आहे." मला वाटलं, थट्टा करते आहे.

या खेळातला एक नियम मला फार आवडतो. अदलाबदल झाली तरी राक्षसाच्या माहितीत मूळ मालकाचं नाव कायम राहतं, आणि नाव ठेवायचा किंवा बदलायचा हक्क फक्त मूळ मालकाला असतो. कंपाउंडर माझ्याकडे आला तो कंपाउंडर म्हणूनच, आणि त्याच्या कपाळी 'संध्या' लिहिलेलं ते लिहिलेलंच.

ऑफिसातही ती असंच करायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आमच्या गटात गोड बोलणारे पुष्कळ होते. ज्या दिवशी प्रोग्रॅम लिहिणारी पलीकडची मंडळी त्यांचीच चूक आमच्या माथी मारणार असं दिसे, त्या दिवशी ती मीटिंगच्या पाच मिनिटं आधी माझ्या टेबलापाशी यायची. "विलास, चल. आज भांडायचं आहे." एकदा कुणीतरी माझ्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "सगळेच साखरेचे घेतले तर 'नाही' कोण म्हणन? तू म्हणशील?" हे मला त्यानंच सांगितलं, आणि तेही जरा रागातच.

आता अमेयबद्दल सांगायला हवं. अमेय पुण्याचा. नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला, हुशार, देखणा, आणि तोंडानं सुरीसारखा. मी डिप्लोमा करून, कामगारवस्तीतल्या दोन कारखान्यांत राबून, एकेक परीक्षा देत इथपर्यंत आलो होतो. अमेयनं पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'डिप्लोमा' ठेवलं. "काय डिप्लोमा, जेवलास का?" "यार, डिप्लोमाला विचार, त्याला मशीनमधलं कळतं." सगळे हसायचे. त्यात कुणाला काही वाईट दिसत नव्हतं. मला मात्र एकच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, चार लोकांसमोर या माणसाला हरवायचं. ऑफिसात ते शक्य नव्हतं. खेळात होतं.

आमच्या इथलं मराठी मंडळ जानेवारीत एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन संक्रांत साजरी करायचं. तिळगूळ, हळदीकुंकू, गाणी, मग जेवण. आम्हा सड्याफटिंगांसाठी २००६ साली कोपऱ्यातल्या टेबलांवर या खेळाची स्पर्धा ठेवली. बत्तीस जणांनी नावं दिली. झुंजी दोन शनिवारी उरकल्या आणि फायनलला मी आणि अमेय उरलो. फायनल संक्रांतीच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात जवळच्या ॲन आर्बर गावातल्या एका विद्यार्थ्याकडून मी सुलतान मिळवला. सुलतान म्हणजे ड्रॅगन. तीन आठवडे त्या मुलाशी घासाघीस चालू होती. मी दोनदा उठून गेलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. असा ड्रॅगन आमच्यात कुणाकडेच नव्हता. फायनलच्या दिवशी सकाळी मी टीमकडे पाहिलं. पाच जण नीट, आणि सहावा तो चिखलाचा गोळा. सगळ्यांसमोर अमेयला हरवायचं, आणि माझ्याकडून मैदानात कोण उतरणार, तर बेडूक? मी कंपाउंडरला काढलं आणि सुलतानला घेतलं. संध्याताईला सांगितलं नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवायला मला आवडत नाही. अमेयनं चौथ्या डावाला पांढरं अस्वल बाहेर काढलं. बर्फाचं. त्याच्याकडे बर्फाचं काही आहे हे मला माहीतच नव्हतं. सुलतान एका घावात गेला. तो गेल्यावर बर्फ झेलायला माझ्याकडे कुणीच नव्हतं. त्या एका अस्वलानं माझे चार जण झोपवले. चाळीस-पन्नास माणसं भोवती उभी होती. अमेय उठला, टाळ्या घेतल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हार्ड लक, डिप्लोमा. संध्यानं सांगितलं होतं, बर्फ ठेव. ती पण भारी आहे यार."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तिला शोधत बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांचे बर्फानं ओले झालेले बूट ओळीनं काढून ठेवले होते, आणि ती तिथं खाली बसून कुणा काकूंच्या बुटाची अडकलेली चेन सोडवत होती.

"तू अमेयला टीम बांधून दिलीस?"

"हो," ती मान वर न करता म्हणाली. "त्यानं विचारलं."

"मी पण विचारलं होतं!"

"तुला पण सांगितलं."

"अगं, पण तो माझ्याविरुद्ध खेळणार हे तुला माहीत होतं! तुला माहीत होतं मला काय पाहिजे ते! तो मला काय म्हणतो ते ऐकतेस ना रोज?"

"ऐकते न. त्याला बोललीही आहे त्याबद्दल. पण ते वेगळं, हे वेगळं." चेन सुटली. तिनं बूट ओळीत नीट ठेवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कंपाउंडर कुठं होता?"

मी माझे बूट शोधायला लागलो.

"त्याच्यावर तो बर्फ असा पडला असता जसा तुझ्या जॅकेटवर पडते. झटकून टाकला असता त्यानं. कुठं होता?"

मी तिला नको ते बोललो. इंजिनिअर इंजिनिअरचीच बाजू घेणार, असंही बोललो. हळदीकुंकवाच्या बायका दारातून वाकून पाहत होत्या. संध्याताई ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं? जा, जेवून घे. गुळपोळी संपून जाईन."

मी जेवलो नाही. तसाच घरी गेलो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिच्याशी कामापुरतं बोललो. तिच्यात काही फरक पडला नाही. भांडायचं असलं की ती पूर्वीसारखीच टेबलापाशी यायची, "विलास, चल," आणि मी जायचो. परत आल्यावर ती म्हणायची, "बरं झालं," आणि मी उत्तर द्यायचो नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या व्हिसाची सहा वर्षं भरली आणि ती नागपूरला परत निघाली. शेवटच्या दिवशी ती केबल घेऊन माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, कंपाउंडर परत मागायला आली. मी मनात तयारीच करून ठेवली, की सहजासहजी द्यायचा नाही. सवय जात नाही. पण तिनं तिचं लाल यंत्र माझ्यासमोर धरलं. "हे पाहा तुझं पोट्टं."

स्क्रीनवर एक मोठं करडं फुलपाखरू होतं. माहितीत मूळ मालक म्हणून माझं नाव. मी टाकाऊ म्हणून दिलेली ती अळी. मी तिला नावही ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्या टीममध्ये सगळ्यांना कामाचं नाव, ह्यालाच नाही.

"समोरच्याला झोपवते आणि निघून जाते," ती म्हणाली. "दीड वर्षापासून हेच पहिलं आत पाठवून राहिली मी. चौकीदाराला सुट्टी दिली. तुझं नाव घेऊन फिरते ते."

"कंपाउंडर पाहिजे का परत?" मी विचारलं. 

"नको. तुला लागेन."

मी तिला विमानतळावर सोडायला गेलो नाही. अमेय गेला होता.

पुढच्या जानेवारीत पुन्हा स्पर्धा. पुन्हा मी आणि अमेय. या खेपेला मी मनाला येईल तसा टीमला हात लावला नाही. नॅपकिनवर गोल काढला, सहा नावं लिहिली, बाण काढले. सुलतानभोवती चौकोन आला. त्याला घरी ठेवला.

फायनल जेवणाच्या अर्धा तास आधी सुरू झाली. गर्दी जमली होती. शेवटी अमेयकडे अस्वल उरलं आणि माझ्याकडे कंपाउंडर. अस्वलानं घाव घातला, बेडकानं जखम भरली. बेडकानं विष दिलं, अस्वलानं झोप काढून ते उतरवलं. पुन्हा घाव, पुन्हा मलम, पुन्हा विष, पुन्हा झोप. दहा मिनिटं गेली, वीस गेली. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. तेवढ्यात मंडळाच्या पाटीलकाकूंनी माइकवरून सांगितलं, "जेवण मांडलं आहे हो, गरम पुऱ्या थांबणार नाहीत," आणि भोवतीची सगळी माणसं निघून गेली. पंच म्हणून बसलेला मुलगासुद्धा "तुम्ही चालू ठेवा" म्हणून ताट आणायला गेला.

या खेळात प्रत्येक डाव किती वेळा टाकता येतो याला मर्यादा असते. मी मोजत होतो. पंचावन्नाव्या मिनिटाला अमेयच्या अस्वलाचे सगळे डाव संपले. डाव संपले की राक्षस नुसता धडका देत स्वतःच जखमी होत जातो. अस्वल स्वतःच्याच धडकांनी आडवं झालं. कंपाउंडर जागचा हललाही नव्हता.

मी मान वर केली. आमच्या आसपास एकही माणूस नव्हता. सगळं मंडळ पाठमोरं, पुऱ्यांच्या रांगेत. दोन वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली, तो पाहायला अमेयशिवाय कुणी नव्हतं. अमेयनं केबल काढली, गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मस्त खेळलास, विलास." आणि तोही रांगेत गेला. त्यानंतर त्यानं मला डिप्लोमा म्हटलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. वर्षभर तोंड फिरवून बसलेला माणूस, पण तिनं "अरे विलास, बोल न" असं म्हटलं, जसं काही आम्ही कालच कँटीनमध्ये बसलो होतो.

"ताई, जिंकलो."

"शेवटी कोण उरलं?"

"कंपाउंडर."

ती हसली. संध्याताईला मोठ्यानं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, पुऱ्यांसकट. ती पुन्हा हसली आणि म्हणाली, "अस्वलाला झोप काढायला शिकव, हे मीच सांगितलं होतं त्याला. मागच्या महिन्यात फोन आला होता त्याचा."

"पुन्हा?" मी ओरडलो. खिडकीशी बसलेला माझा रूममेट दचकला. "पुन्हा त्याला सांगितलंस? तू नागपूरला बसून पण?"

"त्यानं विचारलं न रे. तू विचारलं असतं तर तुलाही सांगितलं असतं. तू तर फोनच नाही केला."

मी तिला पुष्कळ बोललो. तिनं कुकर बंद केला, ऐकत राहिली. तिचं ते वागणं मला तेव्हा पटलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही पटत नाही. आपल्या माणसाच्या विरुद्ध बसलेल्याला शिकवायचं नसतं. माझ्या हाताखाली आता पंधरा माणसं आहेत. त्यांत एक सुस्त आहे, एक भांडखोर आहे, आणि त्यांना का ठेवलं म्हणून मला वरून विचारणा होते तेव्हा मी तिचीच वाक्यं बोलतो. पण ही एक गोष्ट मी तिच्याकडून घेतली नाही.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "मग आता सांग. ही तुझी टीम कशानं मरते?"

मी जिंकलेला माणूस होतो. म्हणालो, "आता कशानंच नाही. सगळे बाण काढलेत. प्रत्येकाच्या मागं कुणीतरी आहे."

कँटीनमध्ये ती नॅपकिनवर पेन टेकवून थांबायची, तशी थांबली.  मी पुन्हा सहा जण डोळ्यांसमोर आणले, एकेक करून. बर्फ, आग, वीज, विष. सगळीकडे बाण होते. मग मला पहिल्या फायनलची ती सकाळ आठवली, ज्या सकाळी मी कंपाउंडरला काढून सुलतानला घेतलं होतं; तेव्हा यातलं काहीच झालं नव्हतं आणि तरी टीम मेली होती.

"माझ्यानं," मी म्हणालो.

"हं," संध्याताई म्हणाली. "आता तुला आवरायला कोण आत येणार, ते पाहा." आणि पोळ्या करायच्या आहेत म्हणून तिनं फोन ठेवला.